म्हशीवर पडलेली विभूती

दारात चपलांचा ढीग पडला होता आणि माणसांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. शाळेतून परतलेली नीलम स्कूटी बंद करून आपल्याच दाराकडे निघाली, तशी हिंडलग्याहून आलेली एक बाई तिच्यावर खेकसली.

"ओ बाई, लाइनीतनं या की. आमी सकाळधरनं उभारलाव हितं."

"अहो, माझं घर हाय हे."

"असू दे. देवाच्या दारात तुझंमाझं नसतंय."

नीलम कशीबशी वाट काढत आत शिरली. खिडकीच्या कडेला भस्म-अज्जा नावाच्या बुवाचा फोटो टांगला होता. जटा, रुद्राक्ष, आशीर्वादाचा हात. फोटोच्या काचेवर करड्या राखेचा जाड थर चढला होता, भिजल्या भाकरीवर बुरशीची लव यावी तसा. मधूनच त्याचा एखादा पापुद्रा सुटून खालच्या ताटात पडायचा, की माणसं "शिव शिव शिव" म्हणून कपाळ जमिनीला टेकवायची. फोटोखाली नीलमची सासू मालुबाई नवं लुगडं नेसून बसली होती. येईल त्याच्या कपाळाला ती एक चिमूट लावी, दुसरी जिभेवर ठेवी. तिच्या मांडीवर पाच वर्षांचा समर्थ होता. त्याचे ओठ करडे झाले होते. तेवढ्यात तो खोकला. खोकतच राहिला.

"रोग भाईर पडाय लागलाय बघा," गर्दीतलं कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

नीलमनं पोराला उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन त्याचं तोंड धुतलं. ओंजळीतल्या पाण्यात काळे कण फिरत होते. हे कण तिच्या चांगले ओळखीचे होते.

बेळगावजवळच्या मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या भिंतीला लागून ही गल्ली. भिंतीपलीकडे फौंड्री. तिथं लोखंड वितळवून साच्यात ओततात, मग ते घासून साफ करतात. भट्टी पेटली की धुरांडं गल्लीवर काळी धूळ सोडायचं. दोरीवरची पांढरी साडी संध्याकाळी राखी होऊन घरात यायची. दुधावर साय धरायच्या आधी काळं धरायचं. गल्लीतली निम्मी पोरं खोकत होती आणि निम्म्या घरांतली पुरुषमाणसं त्याच फौंड्रीत कामाला होती. नीलमचा नवरा विक्रमही तिथंच साचे भरायचा.

नीलम बेळगावातल्या एका हायस्कूलात विज्ञान शिकवायची. तिनं बायका गोळा केल्या, प्रदूषण मंडळाकडे अर्ज केला. अर्ज मराठीत आहे म्हणून परत आला, तेव्हा तो कन्नडमध्ये लिहून पुन्हा दिला. ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यावर एकदाचं उत्तर आलं: अधिकारी पाहणीला येणार. शेजारची जयाबाई तर कंबर कसून तयार होती. "साहेबाला माझ्या घरातलं दूधच पाजते," ती म्हणायची. "मग बघू कुठल्या तोंडानं म्हणतोय हवा चांगली हाय म्हणून."

आणि मग भस्म-अज्जा आला.

तो हिमालयातून आला असं त्याचा शिष्य नागोजी सांगे. गल्लीनं मात्र त्याला फौंड्रीच्या बोलेरोतून उतरताना पाहिलं होतं. मारुतीच्या देवळापुढं माईक लागला. अज्जा अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायचा, त्यामुळे कुणालाच सगळं कळायचं नाही आणि जे कळायचं नाही तेच लोकांना जास्त खोल वाटायचं.

"तायांनो, तुमी हिला धूळ म्हणताय? अय्यो शिवा! कैलासावर शंकर अंग झटकतोय, तेचं भस्म हाय हे! काशीला जाऊन मिळत न्हाय, श्रीशैलला जाऊन मिळत न्हाय, ते तुमच्या पत्र्यावर फुकट पडतंय, आणि तुमी तेच्यावर अर्ज करताय? शंकरावर अर्ज? चांदीसारखं चमकतंय बघा, मातीची धूळ चमकतीय का कुठं?"

मग नागोजीनं घरोघर फोटो वाटले. नियम असे: फोटो फौंड्रीकडच्या खिडकीत लावायचा, कारण कैलास त्या दिशेला. पुसायचा नाही. दर सोमवारी नागोजी येऊन काचेवर कैलासतेलाचा हात फिरवणार. आणि ज्या घरातून शंकराच्या भस्माविरुद्ध तक्रार जाईल, त्या घराची कृपा आटणार.

आठवडाभरात फोटोंवर विभूती धरू लागली. मालुबाईचं घर फौंड्रीच्या भिंतीला सगळ्यात जवळचं, म्हणून तिथं सगळ्यात जास्त. लोक म्हणू लागले, मालुबाईची पुण्याई मोठी.

काल हीच माणसं ही धूळ केरसुणीनं बाहेर लोटत होती. आज तिला हात जोडत होती. नीलमला आधी याचा राग आला. राग जयाबाईवर काढायला गेली, तर जयाबाई दाराच्या चौकटीला टेकून शांतपणे म्हणाली, "टीचर, तुजं खरं असंल. पण इतकी वर्सं धूळ म्हणून खाल्ली, काय झालं? कोण आलं धावून? घर इकून जायचं म्हटलं तर हितलं घर घेतंय कोण? खायची तर हायच. मग देवाची म्हणून खाल्ली तर निदान जीवाला बरं वाटतंय बघ."

नीलम आल्या पावली परत फिरली.

विक्रम पाळी संपवून सकाळी घरी आला तेव्हा ती मोरीपाशी उभी होती. तो नाक शिंकरत होता. पांढऱ्या फरशीवर काळा ओघळ गेला.

"तुम्ही तरी सांगा आत्यांना," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "तुमचं ऐकतील त्या."

"काय सांगू?"

"ते काय आहे ते. तुम्हाला माहीत नाही का?"

विक्रमनं तोंडावर पाणी मारलं. "मला कळत न्हाय व्हय? रोज नाकातनं तीच विभूती काढतो मी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅनेजरनं बोलवलंतं काल. म्हणाला, तुझी बायको लई शिकलीया वाटतं. एवढंच म्हणाला. मी गप बसलो. तूबी गप बस, नीलम. हे काम गेलं तर दुसऱ्या फौंड्रीतबी कोण दारात उभं करणार न्हाय."

"आणि समर्थ?"

विक्रमनं टॉवेलात तोंड खुपसलं. 

समर्थची छाती आता रात्रंदिवस शिट्टी वाजवल्यासारखी वाजायची. मालुबाई त्याला मधातून विभूती चाटवायची. नीलम घरात असली की डोळ्यांआड, शाळेत गेली की खुशाल. नातवावर जीव होता तिचा. त्याचा श्वास अडकला की तिलाही धाप लागायची, आणि ती आणखी एक बोट चाटवायची.

नीलमनं शाळेच्या प्रयोगशाळेतून चुंबक आणला. मालुबाईसमोर ताटातली विभूती कागदावर घेतली आणि खालून चुंबक फिरवला. विभूती उठून उभी राहिली, काट्यासारखी, आणि चुंबकामागून चालू लागली.

"बघा आत्या. लोखंड आहे यात. फौंड्रीचा कीस आहे हा."

मालुबाईचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर नीलमला वाटलं, पटलं. आणि मालुबाईनं हात जोडले.

"अगं बाई! जिवंत हाय गं विभूती! चालती-बोलती हाय!"

दुसऱ्या दिवशी नीलम शाळेतून आली तर चुंबकाला हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि रांग दुप्पट झाली होती. नागोजी माईकवर सांगत होता, "शाळेचं शास्त्रसुद्धा अज्जांपुढं उठून उभं राहिलं!" नीलम मागच्या खोलीत जाऊन बसली. घर तिचं, चुंबक तिचा, आणि त्याच दोघांच्या मधे ती कोंडली गेली होती. जे हत्यार उचलावं ते बुवाच्या पायाशी जाऊन पडत होतं.

त्या आठवड्यात समर्थला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी वाफेचं औषध लावलं, राहता कुठं ते विचारलं, आणि उत्तर ऐकून मान हलवली. "औषध देतो मी. पण काही दिवस त्याला तिथून हलवा. कुणी आहे का चांगल्या हवेत राहणारं?"

नीलमची नणंद मंगल खानापूरच्या जंगलाकडच्या एका गावात नांदत होती. मालुबाई नातवाला घेऊन तिच्याकडं निघाली. जाताना तिनं अज्जांचा फोटो न पुसता तसाच लुगड्यात गुंडाळून घेतला. "पोराचं औषध हाय ते," म्हणाली. "ते सोडून कशी जाऊ?" नागोजीनं कैलासतेलाची एक बाटली सोबत दिली. वाटेत लुगड्याला घासून जुनी विभूती पुसून गेली. तिथं पोचल्यावर मालुबाईनं काचेला नवा हात फिरवला आणि फोटो खिडकीत लावला.

इकडे विक्रम पाळीला गेला की घरात नीलम एकटी. फोटो गेला होता, पण खिळ्याखाली भिंतीवर तेलाचा ओघळ राहिला होता. तिनं त्याला बोट लावलं. इतके दिवस झाले तरी चिकट. वास अत्तराचा, पण अंगात तेलकटपणा नव्हता. पाण्याचा हात लावला की निघून जात होतं. असलं एकच औषध तिच्या कपाटात होतं. हिवाळ्यात फुटल्या ओठांना लावायचं ग्लिसरीन.

स्वयंपाकघरात पेंडीच्या दुकानाचं चकचकीत प्लास्टिकचं कॅलेंडर होतं. त्यावर एक धष्टपुष्ट म्हैस. नीलमनं म्हशीला ग्लिसरीन फासलं आणि कॅलेंडर फौंड्रीकडच्या खिडकीत लावलं. शेजारी, मुद्दाम कोरडीच ठेवलेली एक काच.

भट्टी रोजच्यासारखी पेटत राहिली. कोरड्या काचेवर धूळ बसायची आणि वाऱ्यानं उडून जायची. म्हशीवर मात्र बसलेला कण हलत नव्हता. कणावर कण चढला. आठवडा सरला तेव्हा म्हैस शिंगांपासून शेपटीपर्यंत विभूतीत न्हाली होती.

नीलमला हसू आलं. फार दिवसांनी.

पण हे कॅलेंडर घेऊन गल्लीत गेलं तर काय होईल, हे चुंबकानं तिला शिकवलं होतं. उद्या म्हशीला हळदकुंकू लागायचं. ती थांबली. आणि तेवढ्यात मंगलच्या घरून फोन आला. मालुबाई रडत होती.

"नीलम, माझं काय चुकलं गं? विभूती येत न्हाय. रोज हात फिरवते, उपास धरला, तरी काच आपली लखलखीत. अज्जा कोपले माझ्यावर."

"समर्थ कसाय?"

"तो? तो बरा हाय की. झाडावर चढतोय. खोकला न्हाय." आणि मग, आपलंच वाक्य कानावर पडल्यासारखी, ती थांबली.

रविवारी नीलम बसनं गेली. समर्थ अंगणात कोंबडीमागं पळत होता आणि त्याच्या छातीतून कसलाच आवाज येत नव्हता. नीलम सासूशेजारी पायरीवर बसली. या खेपेस तिनं चुंबक काढला नाही, काही सिद्धही केलं नाही. फक्त विचारलं.

"आत्या, फोटो तोच आहे ना?"

"तोच."

"तेल?"

"तेच, नागोजीनं दिलेलं."

"तुमची भक्ती कमी झाली का इथं येऊन?"

"जास्तच झाली म्हण. उपास धरलाय मी."

"मग काय कमी आहे इथं?"

मालुबाईनं खिडकीकडं पाहिलं. खिडकीबाहेर फणसाचं झाड होतं, त्यापलीकडे भाताचं शेत, त्यापलीकडे डोंगर.  मग तिनं पदर तोंडावर घेतला.

"म्हंजे मी माझ्या हातानं... लेकराला..."

"तुम्ही माया म्हणून दिलंत. ज्यांना माहीत होतं ते काय आहे, पाप त्यांचं."

अधिकारी पाहणीला यायच्या दिवशी फौंड्रीनं मैदानात महाप्रसाद ठेवला. मांडव, खीर, पुढं व्यासपीठावर अज्जा. धुरांडं गप्प होतं. साहेब येणार म्हणून मॅनेजरनं भट्टी आदल्या दिवशीच विझवली होती. साहेब जीपमधून उतरले तसा मॅनेजर हात पसरून म्हणाला, "नोड्री सर, बघा किती आनंदात आहेत लोक! एक-दोन शिकलेल्यांनी अर्ज केलाय, बाकी कुणाची तक्रार नाही."

साहेबांनी गर्दीकडं पाहिलं. गर्दीनं माना खाली घातल्या. विक्रम कामगारांच्या घोळक्यात उभा होता, त्यानंही.

समर्थला मंगलकडं ठेवून आलेली मालुबाई रांगेतून पुढं आली. तिच्या हातात फोटो होता. काच इतकी स्वच्छ की उन्हात डोळे दिपत होते.

"अज्जा, तुमची विभूती माझ्या लेकीच्या गावात का पडली न्हाय?"

अज्जानं डोळे मिटले. "त्या गावात पाप फार, ताई."

"माझ्या लेकीचं गाव हाय ते! तोंड सांभाळून!"

मांडवात खसखस पिकली. अज्जानं घाईघाईनं डोळे उघडले. "मग श्रद्धा कमी पडली तुमची."

"श्रद्धा तीच. फोटो तोच, तेल तेच. मीबी तीच." मालुबाई मागं सरली नाही. "तिथं फक्त फौंड्री नव्हती, अज्जा."

 नीलम पुढं आली आणि तिनं कॅलेंडर उलगडून उंच धरलं.

"आता हिच्याकडं बघा. हिला तर अज्जांचं नावही माहीत नाही. पेंड खाणारी म्हैस आहे ही. हिच्यावर विभूती कशी पडली?"

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग ते हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. नागोजी ओरडला, "देवाची थट्टा करू नका!" नीलमनं त्याच्या झोळीतली बाटली मागितली. तो मागं सरकू लागला, तेव्हा जयाबाईनं त्याची झोळीच धरली आणि बाटली काढून नीलमच्या हातात दिली.

"हे कैलासतेल नाही," नीलम म्हणाली. "ग्लिसरीन आहे, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. ते वाळत नाही, म्हणून हवेतली धूळ त्याला चिकटून राहते. फोटो फौंड्रीकडं तोंड करून लावायचा, कारण धूळ तिकडून येते. पुसायचा नाही, कारण पुसला तर थर चढणार नाही. आणि ती चुंबकाला चिकटते, कारण त्यात लोखंड आहे. देवाला यात ओढायची गरजच नाही."

"खोटं!" अज्जा उठून उभा राहिला. "आत्ता, या क्षणी विभूती पाडून दाखवतो! आणा रे फोटो!"

फोटो आला. काचेला तेलाचा हात फिरवला गेला. मंत्र झाले. माणसं टक लावून बसली. काच कोरीच. अज्जानं मंत्र पुन्हा म्हटले, मोठ्यानं. घाम त्याच्या कपाळावरच्या भस्मातून वाट काढत खाली आला.

जयाबाई फोटोकडं पाहत नव्हतीच. ती मान वर करून धुरांड्याकडं पाहत होती.

"अगं बायांनो," ती हळूच म्हणाली, आणि मग ओरडली, "कालपासनं माझ्याबी फोटोवर नवी विभूती न्हाय! तुमच्या हाय का? भट्टी बंद, तर विभूतीबी बंद!"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. माझ्याबी न्हाय. माझ्याबी. प्रत्येकीनं सकाळी ते पाहिलं होतं आणि प्रत्येकीला वाटलं होतं, आपल्याच घरावर कोप झाला. साहेबापासून धूर लपवायला मॅनेजरनं भट्टी विझवली होती, आणि धुराबरोबर त्याचा देवही विझला होता.

 साहेबांनी सोबतच्या माणसांना सांगून घराघरांतल्या फोटोंवरची विभूती प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून घेतली, सील केली, आणि भट्टी चालू असताना न कळवता पुन्हा येईन म्हणाले. अज्जा आणि नागोजी त्या गडबडीत बोलेरोतून निघून गेले. खीर मात्र लोकांनी खाल्ली. ती काही खोटी नव्हती.

ही गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण बुवा पळाला म्हणून धुरांडं पळत नाही. विक्रमला साच्यांवरून काढून कास्टिंग, म्हणजे साच्यातून निघालेला माल, घासायच्या खात्यात टाकलं, जिथं सगळ्यात जास्त धूळ. त्यानं काम सोडलं नाही. सोडून जाणार कुठं? समर्थ मंगलकडंच राहिला आणि तिथल्याच शाळेत जाऊ लागला. नीलम दर रविवारी बसनं जाते. संध्याकाळी परत निघताना तो रस्त्यापर्यंत येतो आणि विचारतो, "मी कवा येऊ घरला?" ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते आणि बसमध्ये चढते.

पिशव्यांचा अहवाल आला. त्यात लोखंड, वाळू आणि कोळशाची राख होती. बेळगावात सुनावणी झाली. गल्लीतल्या बायका टेंपो करून गेल्या. फौंड्रीचा वकील उठला आणि हसून म्हणाला, "साहेब, हीच माणसं काल या धुळीची पूजा करत होती. आज तिलाच प्रदूषण म्हणतात. यांच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

बायका चपापल्या. खरंच तर होतं ते. जयाबाई उठली.

"व्हय साहेब, पूजली. पोरांना चाटवली. कारण त्यातनं सुटायची दुसरी वाट आमाला दिसत नव्हती, आणि ज्येंना माहीत होतं त्येनीच आमाला हात जोडाय शिकवलं. फसलाव आमी. लाज वाटतीया. पण फसलेल्या माणसाचा श्वास काय कमी लागतोय व्हय?"

धूळ अडवणारं यंत्र बसवायचा हुकूम निघाला. मुदत मिळाली, मग वाढवून मिळाली. यंत्र बसलं, पण ते साहेब येणार असले की जास्त चालतं. बायका आता दर सोमवारी ग्लिसरीन लावलेल्या काचा पत्र्यावर ठेवतात आणि थर चढला की त्या घेऊन थेट ऑफिसात जातात. लढाई लांबची आहे. जिंकूच असं नीलमही म्हणत नाही.

राख अजून पडते. पण गल्लीत आता तिला राखच म्हणतात, आणि पोरांच्या तोंडात ती कुणी घालत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या छपरावर उद्या असंच काही पडेल, आणि ते देवानं पाठवलंय असं सांगणारा कुणीतरी गोड बोलत दाराशी येईल. माणूस जेव्हा चारी बाजूंनी कोंडलेला असतो, नेमका तेव्हाच तो येतो. त्याला हात जोडायच्या आधी मान वर करा आणि वारा कुठून येतोय ते बघा. तिथं काय चालू आहे आणि ते चालू राहण्यात कुणाचं भलं आहे, हे विचारा. असं विचारल्यानं कुठला देव रागावत नाही. रागावलाच तर तो देव नव्हे, मॅनेजर असतो.